पान वाळणे, करपणे आणि कुजणे : चंद्रपूर-गडचिरोलीकडील घरगुती कुंड्यांच्या निमित्ताने एक शब्दविचार

‘तपकिरी’ हा मराठीतील रंगवाचक शब्द फार जुना असणे शक्य नाही. तपकीर म्हणजे नाकाने ओढावयाची तंबाखूची पूड. तंबाखू ह्या देशात पोर्तुगीजांच्या मार्गाने आली, आणि सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी असद बेगने ती विजापुराहून अकबराच्या दरबारी नेली तेव्हा तेथे ती अपूर्वाईची वस्तू ठरली. तेव्हा तपकिरीवरून पडलेले रंगाचे नाव त्याच्या पुढचेच असले पाहिजे. मराठीत ह्या रंगाच्या आसपास बदामी, खाकी, विटकरी, मातकट, काथ्या, पिंगट, तांबूस असे अनेक शब्द वावरतात. परंतु पिंगटासारखा एखादा शब्द सोडला तर त्यांतील बहुतेक कोणत्या ना कोणत्या वस्तूकडून उसने घेतलेले आहेत. बर्लिन आणि के ह्या अभ्यासकांनी १९६९ साली रंगवाचक शब्दांची जी चढती श्रेणी मांडली, तीत ह्या रंगाचा स्वतंत्र शब्द निळ्याच्याही नंतर भाषेत येतो असे म्हटले आहे. त्या श्रेणीवर पुढे पुष्कळ आक्षेप घेतले गेले असले, तरी ह्या रंगापुरते मराठीचे उदाहरण तिला फारसे प्रतिकूल नाही.

ह्यात एक गंमतही आहे. तपकीर ही मुळात तंबाखूच्या वाळवलेल्या पानाची पूड. म्हणजे ‘पान तपकिरी झाले’ ह्या वाक्याचा शब्दशः अर्थ ‘पान वाळक्या पानाच्या रंगाचे झाले’ एवढाच होतो. वाक्य चूक नाही, पण ते काही सांगतही नाही. आणि आज घरातील कुंडीतल्या झाडाविषयी तक्रार करणारा बहुतेक मनुष्य नेमके हेच वाक्य उच्चारतो, किंवा त्याहून सोपे म्हणून ‘पाने ब्राऊन झाली’ असे म्हणतो. त्यानंतर तो झाडाला पाणी घालतो. पानाचा रंग पाण्याच्या कमतरतेने पालटला असेल तर झाड वाचते. तो पाण्याच्या अतिरेकाने पालटला असेल तर तेच पाणी झाडाला मारते. रंग दोन्ही वेळा जवळजवळ एकच असतो.

मराठी भाषेची जुनी सवय मात्र पानाच्या रंगाविषयी बोलण्याची नाही; पानाचे काय झाले हे सांगण्याची आहे. पान पिकते, सुकते, कोमेजते, वाळते, करपते, होरपळते, जळते, कुजते, सडते, झडते, गळते. ही सर्व क्रियापदे अकर्मक आहेत आणि कोशांत त्यांचे अर्थ एकमेकांच्या आधाराने दिलेले आढळतात, त्यामुळे ती समानार्थी आहेत असा ग्रह होतो. त्यांच्याबरोबर येणारी तृतीया तपासली म्हणजे हा ग्रह टिकत नाही. ‘उन्हाने करपले’, ‘पाण्याने कुजले’, ‘खताने जळले’ ही वाक्ये सहज होतात. ‘पाण्याने करपले’ किंवा ‘उन्हाने कुजले’ असे कोणी म्हणत नाही. आणि ‘पान पिकले’ ह्या वाक्याला बाहेरच्या कारणाची अपेक्षाच नसते. क्रियापद निवडताना बोलणारा मनुष्य निदान करीत असतो, मग त्याला त्याची जाणीव असो वा नसो.

चंद्रपूर आणि १९८२ साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली हे दोन जिल्हे ह्या विचाराला विशेष सोयीचे आहेत, कारण पानाच्या तपकिरीपणाची जवळजवळ सगळी कारणे येथे एका वर्षाच्या आत अनुभवास येतात. मे महिन्यात चंद्रपुरात पारा ४५ अंशांच्या वर जातो व हवा कोरडी ठणठणीत असते. जुलैत तीच हवा इतकी ओली होते की कपडे दोन दिवसांत वाळत नाहीत. भोवती सागाचे रान आहे, पूर्वेकडे धानाची बांधी आहे, शहराच्या कडेला कोळशाच्या खाणी व औष्णिक विद्युत केंद्र आहे. घराच्या गॅलरीत ठेवलेली मनीप्लांटची कुंडी ह्या सगळ्यांच्या परिणामांत सहभागी असते.

पानाच्या आत घडते ते थोडक्यात असे. पान आपल्या क्रमाने म्हातारे होते तेव्हा झाड त्यातील हरितद्रव्य मोडून नत्र आणि स्फुरद परत खोडाकडे ओढून घेते. हिरवा रंग गेल्यावर आधीपासूनच असलेला पिवळा रंग उघडा पडतो, आणि सर्व आटोपल्यावर पान वाळते. पान अवेळी मरते तेव्हा ही आवराआवर होत नाही. पेशींची पटले फुटतात, एरवी वेगळ्या कप्प्यांत राहणारी फेनॉल जातीची द्रव्ये व विकरे एकत्र येतात, हवेतील प्राणवायूशी त्यांचा संयोग होतो आणि तपकिरी रंग तयार होतो. चिरून ठेवलेले वांगे काळे पडते ते ह्याच क्रियेने. म्हणून तपकिरी रंग हा रोग नव्हे; पेशी मेल्याचा तो दाखला आहे. मेलेला भाग कोणत्याही उपायाने पुन्हा हिरवा होत नाही. उपाय असतो तो उरलेल्या पानासाठी.

‘पिकणे’ हे संस्कृत पक्व व प्राकृत पिक्क ह्यांपासून आलेले क्रियापद फळाला, केसाला आणि पानाला सारखेच लागते, आणि तिन्ही ठिकाणी काळ पूर्ण झाल्याची सूचना देते. झाडाचे सर्वांत खालचे एखादे पान सर्वांगाने पिवळे होऊन मग वाळले, वरचा शेंडा टवटवीत असला, तर ते पान पिकले. त्यावर उपाय करावयाचा नसतो. पान खुडून टाकावे. तुळशीची पाने मंजिऱ्यांत बी धरल्यावर उतरू लागतात तीही ह्याच वर्गातली. मंजिऱ्या वेळोवेळी खुडल्या तर तुळस अधिक काळ टिकते, हे ज्यांच्या अंगणात वृंदावन आहे त्यांना सांगावे लागत नाही.

‘सुकणे’ आणि ‘वाळणे’ ह्यांतील भेद नाजूक आहे आणि तो सर्वत्र पाळला जातो असेही नाही. सुकी मासळी आणि वाळलेली मिरची ह्यांत दोहोंचा अर्थ एकच. परंतु जिवंत रोपाविषयी बोलताना सुकलेले रोप पुन्हा तरारू शकते, वाळलेले नाही. दुपारी दोन वाजता जास्वंदीने मान टाकली आणि संध्याकाळी ती पुन्हा सावरली, तर ती सुकली होती: पानांतून उडणारे पाणी मुळांनी ओढलेल्या पाण्याहून काही काळ अधिक झाले, एवढेच. अशा वेळी दुपारीच घाईने पाणी ओतण्याचे कारण नसते. सकाळीही मान खालीच असेल तर कुंडीत बोट दोन पेरे खुपसून पाहावे. माती कोरडी असेल तर पाणी द्यावे, आणि ते तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत द्यावे. माती ओली असूनही रोप सुकलेले असेल तर पुढे येणाऱ्या ‘कुजणे’ ह्या क्रियापदाकडे वळले पाहिजे.

झाडीबोलीत ण आणि ळ हे वर्ण नाहीत. त्यांच्या जागी न आणि र येतात. त्या नियमाने वाळलेले पान ‘वारलेले’ होते. पुण्याच्या श्रोत्याला त्यात मृत्यूची वार्ता ऐकू येईल, आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती खोटी नाही.

खरा गुंता ‘करपणे’ ह्या शब्दात आहे. तव्यावरची भाकरी करपते तशी पानाची कडा अथवा टोक करपते. मधला भाग हिरवाच राहतो. हा दृष्टांत इतका बरोबर बसतो की त्यामुळे कारणही एकच, उष्णता, असे वाटू लागते. ते अर्धेच खरे आहे. कोरड्या वाऱ्यात पानातील पाणी वेगाने उडते आणि शिरांच्या अगदी शेवटी असलेल्या टोकाला व कडांना ते सर्वांत शेवटी पोचते, म्हणून तहान प्रथम तेथे जाणवते, हे खरे. पण पाण्याबरोबर आलेले क्षारही त्याच ठिकाणी येऊन थांबतात. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात आणि टोकाच्या पेशी मरतात. तेव्हा करपलेले टोक कधी उन्हाचे काम असते, कधी पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचे.

चंद्रपूर जिल्ह्यात ह्या दुसऱ्या कारणाकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. जिल्ह्याच्या काही भागांतील भूजलात फ्लोराईडचे प्रमाण जास्त आढळते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर असू नये असा दंडक आहे, आणि तो ओलांडला गेल्याच्या खुणा काही गावांत मुलांच्या दातांवर दिसतात. माणसाच्या आरोग्यापुढे कुंडीतील झाडाची कथा ती काय. परंतु स्पायडर प्लांट आणि ड्रॅसीना ह्यांसारखी शोभेची झाडे फ्लोराईडला फार हळवी असतात, आणि माणसाला निर्धोक असलेल्या पाण्यानेही त्यांची टोके तपकिरी होतात. असे पाणी उकळल्याने सुधारत नाही. उलट पाणी आटते आणि फ्लोराईड दाट होते. रात्रभर भांड्यात ठेवल्याने नळाच्या पाण्यातील क्लोरीन काही अंशी उडून जाईल, फ्लोराईड जाणार नाही. ह्या झाडांसाठी पावसाचे पाणी साठवून ठेवणे हा चांगला उपाय. मातीत थोडा चुना मिसळला तर मुळांकडून फ्लोराईड कमी घेतले जाते. सुपर फॉस्फेट मात्र त्यांना घालू नये, कारण त्या खतातच फ्लोराईड असते.

ह्याहून अधिक घरांत घडणारी गोष्ट कूलरची आहे. विदर्भातील उन्हाळा कूलरशिवाय निघत नाही. कूलरच्या टाकीतील पाणी दिवसभर फिरत व उडत राहते, त्यात वरून नवे पाणी ओतले जाते, आणि क्षार प्रत्येक फेरीला वाढत जातात. जाळ्यांवर बसणारा पांढरा थर हा त्याचाच पुरावा. आठवड्याने टाकी धुताना ते पाणी वाया जाऊ नये ह्या सद्बुद्धीने कुंड्यांना घातले जाते. काटकसर योग्य, पण झाड चुकीचे. ते पाणी अंगणातील मोठ्या झाडाच्या बुंध्याशी ओतावे. कुंडीतील थोड्याशा मातीत ते साचून राहते आणि पंधरा दिवसांत कडा करपतात. घरमालक उन्हाला दोष देतो, कुंडी आणखी सावलीत नेतो, आणि तेच पाणी घालीत राहतो.

खताच्या बाबतीत भाषेने हा घोटाळा केलेला नाही. युरिया जास्त पडला तर शेतकरी ‘पीक जळले’ म्हणतो, ‘करपले’ असे सहसा म्हणत नाही. ज्वाला नाही, ऊन नाही, तरी जळणे आहे. कारण बाहेरून टाकलेल्या वस्तूचे आहे हे त्या शब्दात येते. कुंडीच्या कडेला अथवा मातीवर पांढरी बुरशीसारखी पण कोरडी, कुरकुरीत खपली दिसली तर क्षार साचले असे समजावे. ती खपली वरच्या मातीसह खरवडून काढावी, आणि कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट-तिप्पट चांगले पाणी सावकाश ओतून ते तळातून वाहून जाऊ द्यावे. बशीत साचलेले पाणी फेकून द्यावे; ते मातीने पुन्हा शोषले तर सगळी मेहनत व्यर्थ जाते.

‘होरपळणे’ ह्यात कडेचा प्रश्न येत नाही. पानाच्या ज्या बाजूवर ऊन पडते तिच्या मध्यभागी फिकट, मग तपकिरी, कागदासारखा पातळ डाग पडतो. खोलीत वाढलेले झाड एकाएकी गच्चीवर नेले, किंवा पश्चिमेच्या भिंतीशी अगर टिनाच्या पत्र्याखाली ठेवले, की हे होते. सावलीत तयार झालेले पान उन्हाला सरावलेले नसते. कुंडी हलवावयाची तर सकाळचे ऊन रोज थोडे थोडे वाढवीत हलवावी. कूलरचा अथवा पंख्याचा झोत सरळ पानांवर येणेही टाळावे.

‘कुजणे’ मात्र खालून वर येते. बुंध्याशी अगर देठाशी पान मऊ व काळपट होते, हाताला ओलसर लागते, मातीला आंबूस वास येतो. कोरडा तपकिरी आणि ओला तपकिरी हा भेद डोळ्यापेक्षा बोटाला आधी कळतो. मुळांनाही श्वासोच्छ्वासासाठी प्राणवायू लागतो. मातीच्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या असल्या तर तो मिळत नाही, मुळे मरतात, आणि मेलेल्या मुळांवर बुरशी बसते. मुळे नाहीशी झाल्यावर भोवती पाणी असूनही झाड तहानेने सुकते. हाच तो प्रसंग, जेथे ‘सुकले’ असे वाटून आणखी पाणी घातले जाते. झाड कुंडीतून हलकेच काढून पाहावे: निरोगी मूळ पांढरट व घट्ट असते, कुजलेले तपकिरी व बुळबुळीत. कुजलेली मुळे कापून टाकावी, वाळूमिश्रित भुसभुशीत मातीत झाड पुन्हा लावावे, तळाचे भोक मोकळे आहे ना हे पाहावे, आणि माती वरून कोरडी होईपर्यंत पाण्याला हात लावू नये. मातीची कुंडी येथे प्लास्टिकच्या कुंडीहून बरी, कारण तिच्या अंगातूनही पाणी उडते. मे महिन्यात मात्र तोच गुण तिचा दोष होतो.

एका क्रियापदाचे नाम झाले आणि ते सगळ्यांना लागू लागले म्हणजे काय होते, ते पूर्वेकडील धानशेतीत दिसते. ‘करपा’ हे धानाच्या एका बुरशीजन्य रोगाचे नाव आहे. ‘कडाकरपा’ हा जीवाणूमुळे होणारा निराळा रोग आहे. तुडतुड्यांनी रस शोषल्यावर शेताच्या मध्येच गोल ठिकाणी धान तपकिरी होऊन बसते. तेथे पान करपल्यासारखे दिसत असले तरी काम किडीचे असते. तिन्हींची औषधे वेगळी आहेत. बुरशीचे औषध तुडतुड्यांवर फवारले तर पैसा जातो आणि धानही जाते. कृषिविषयक परिभाषा घडविणाऱ्यांनी ‘करपा’ला कारणदर्शक विशेषण जोडण्याचा परिपाठ ठेवला आहे तो योग्यच, परंतु दुकानाच्या फळीसमोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या तोंडी विशेषण गळते आणि नाम उरते. घरातील कुंडीत ह्याच प्रकारची किडीची खूण म्हणजे पानाच्या पाठीवरचे बारीक जाळे. कोरड्या उन्हाळ्यात कोळी हे अतिसूक्ष्म प्राणी रस शोषतात, पानाला तांबूस झाक येते. पानांची पाठ पाण्याने धुणे, आणि ते चार-पाच दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा करणे, हा पहिला उपाय. खाणी व वीजकेंद्राच्या परिसरात पानांवर धूळ बसते, ती ओल्या फडक्याने पुसणे ह्याच कामात उरकते; धुळीचा थर प्रकाश अडवितो, आणि कोळ्यांनाही तो मानवतो.

रानात हीच क्रियापदे मोठ्या प्रमाणावर पाहावयास मिळतात. पावसाळा सरता सरता सागाचे पट्टेच्या पट्टे तपकिरी दिसू लागतात. दुरून ते करपल्यासारखे वाटतात. जवळ गेल्यावर पानातला मऊ भाग अळीने खाऊन शिरांची जाळी मागे ठेवलेली दिसते. फाल्गुन-चैत्रात साग उघडा होतो तो प्रकार ह्याहून अगदी वेगळा. तेथे झाड पाणी वाचविण्यासाठी देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार करून पान स्वतः सोडून देते. गळणे हे जिवंत झाडाचे काम आहे. तोडलेल्या फांदीची पाने तपकिरी होतात पण गळत नाहीत, तिलाच चिकटून राहतात. कुंडीतील रोपाची वाळकी पाने हलक्या स्पर्शाने गळून येत असतील तर त्या फांदीत अद्याप जीव आहे. ती ओढूनही सुटत नसतील तर नखाने साल खरवडून आत हिरवे आहे का ते पाहावे.

आणि मग प्रयोजक रूपे. वाळणे–वाळवणे, पिकणे–पिकवणे, कुजणे–कुजवणे. एप्रिल-मे महिन्यांत ह्या दोन जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे पहाटे रानात जाऊन तेंदूची हिरवी पाने तोडतात, सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधतात, आणि ते फळीवर उन्हात मांडले जातात. ते उलटवून वाळवले जातात, आणि पोत्यांत भरण्यापूर्वी पान मोडू नये म्हणून त्यांवर पाणी शिंपडले जाते. येथे पान तपकिरी होणे ही हानी नाही, ती मजुरी आहे. त्या दिवसांत आभाळ आले तर फळीवर चिंता पसरते, कारण अवेळी पाऊस पडला की वाळवलेले पान डागते, बुरसते. उन्हाळ्यातील ज्या सरीने गॅलरीतील कुंड्यांना दिलासा मिळतो, तिनेच रानातल्या कुटुंबाची कमाई जाते.

कुजवणे ह्या रूपालाही घरात उपयोग आहे. खुडलेली, कापलेली सर्व तपकिरी पाने एका सच्छिद्र डब्यात थोडी माती व ओल्या भाजीपाल्यासह कुजवली तर काही महिन्यांत खत तयार होते. रोगट आणि बुरशी चढलेली पाने त्यात घालू नयेत. शोभेसाठी पानाचे करपलेले टोक कात्रीने कापावयाचे असेल तर तपकिरी भागाची बारीक रेघ शिल्लक ठेवून कापावे. हिरव्यात कात्री गेली तर नवी कडा पुन्हा करपते.

पंचांगाप्रमाणे मृग लागतो तो जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर, आणि कूलर खिडकीतून निघतो त्याच सुमारास. घरातील पाणी घालण्याची वेळ व माप मात्र बहुधा मे महिन्याचेच चालू राहते. उन्हाळ्यात जे मनीप्लांट कडांनी करपत होते तेच जुलैत देठापाशी मऊ पडू लागते, आणि पानाचा रंग पाहून कोणी पुन्हा ‘उन्हाचा परिणाम’ म्हणतो. त्या दिवसांत रोजचे पाणी बंद करून, बोटाने माती पाहून, तीन-चार दिवसांनी द्यावे. गच्चीवरच्या कुंड्यांना तर पाऊस असेतो देऊच नये, फक्त तळाची भोके उघडी ठेवावी.